बंद पडण्याचं कारण

मास्तरीणबाईंचा नियम साधा होता: कारण कळल्याशिवाय वस्तू घ्यायची नाही.

पस्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर माणसं गप्प घरी बसतात, कुंड्यांना पाणी घालतात. या बाईंनी शाळेकडूनच एक पडीक वर्ग मागून घेतला आणि लोकांच्या घरातली जुनी यंत्रं गोळा करायला सुरुवात केली. कोळशाच्या इस्त्र्या, पायांनी चालवायची शिलाई यंत्रं, दोघांनी मिळून उचलावा लागणारा रेडिओ. प्रत्येक वस्तूशेजारी बाईंच्या वळणदार अक्षरातलं कार्ड, आणि कार्डावर चारच गोष्टी: वस्तू काय, कोणाच्या घरची, चालायची कशी, आणि शेवटी बंद पडण्याचं कारण. ती शेवटची ओळ रिकामी राहणार असेल, तर वस्तू कितीही दुर्मीळ असो, बाई तिला दारातूनच परत पाठवायच्या.

"माणूस गेला तर डॉक्टर कारण लिहून देतो," त्या म्हणायच्या. "मग यंत्राने काय घोडं मारलंय?"

तर त्या दिवशी बाई आल्या होत्या आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या आत्याच्या घरी, आणि त्यांची नजर होती मागच्या खोलीतल्या पेटीवर. पेटी कसली, कपाटच ते! छातीपर्यंत उंच, गडद लाकडाचं, वर उघडणारं झाकण, आणि गेली पंचेचाळीस वर्षं त्या झाकणावर धुतलेल्या चादरींच्या घड्या. त्या घड्या उतरवायला आत्याने भाचीला बोलावून घेतलं होतं. या भाचीला सगळे भिंगरी म्हणतात. लहानपणी 'हे काय, ते असं का' करत घरभर गरगरायची म्हणून बापाने ठेवलेलं नाव. पुढे तिने चष्म्याचं दुकान काढलं, मागच्या खोलीत स्वतः भिंगं घासायला लागली. आता पन्नाशी उलटली तरी गिऱ्हाइकंसुद्धा तिला भिंगरीताईच म्हणतात.

बाईंनी झाकण उचललं. झाकणाला आतून आरसा होता, आणि झाकण अर्धवट उघडून अडकलं की आरसा बरोबर तिरपा राहत होता. त्याच्यासमोर दुधी काचेचा पडदा. बाईंनी वाकून आत डोकावून पाहिलं आणि चष्मा नाकावर घट्ट केला.

"अगं बाई! हा तर चित्र फेकणारा टीव्ही. मी फक्त पुस्तकात पाहिला होता."

"चित्र फेकणारा म्हणजे?" भिंगरीने लगेच विचारलं. शाळेत असतानाही ती असंच मध्येच विचारायची, आणि बाईंनाही तेव्हापासून ते आवडायचं.

"म्हणजे असं बघ. मोठ्या युद्धानंतर घरोघरी टीव्ही यायला लागले, पण चित्र असायचं वहीच्या पानाएवढं. मोठी ट्यूब करायची तर काच जाडजूड हवी, नाहीतर बाहेरच्या हवेच्या दाबाने तीच आत चेपायची. मग कुणीतरी डोकं लढवलं: ट्यूब राहू दे तळहाताएवढी, चित्र मात्र सिनेमासारखं फेकून मोठं करू. त्या चिमुकल्या ट्यूबला पंचवीस हजार व्होल्ट द्यायचे, म्हणजे चित्र डोळे दिपतील असं लख्ख पडतं. ते आरशावर घ्यायचं आणि पडद्यावर सोडायचं."

"मग अशा पेट्या नंतर दिसल्या कशा नाहीत?"

"चारपाच वर्षांत मोठ्या ट्यूब करायची युक्ती सापडली. स्वस्त, सुटसुटीत. झालं, या पेट्यांना कुणी विचारेना. पुढे वीसपंचवीस वर्षांनी तीन रंगांच्या तीन ट्यूब लावून तीच कल्पना परत आली, पण ही पहिली पिढी बहुतेक भंगारात गेली." बाईंनी पिशवीतून कोरं कार्ड काढलं. "आत्याबाई, पेटी मी आनंदाने नेते. शेवटची ओळ तेवढी सांगा. बंद का पडली?"

आत्या त्र्याऐंशी वर्षांची, पण आवाज असा की बाहेरच्या रस्त्यावरचा माणूस थांबावा. तिने एक क्षणही विचार केला नाही.

"लिहा," ती म्हणाली. "बंद पडण्याचं कारण, माझा भाऊ."

"आत्या!"

"आत्या काय आत्या? खोटं आहे का? चांगली पंधरा दिवस चाललेली पेटी. भर सामन्याच्या दिवशी सकाळी आला, मागची फळी काढून खुडबुड केली, आणि संध्याकाळी पन्नास माणसांसमोर आमचं नाक कापलं. त्याने स्वतः कबूल केलंय. विचार तुझ्या बापाला!"

भिंगरीला विचारायची गरज नव्हती, कारण ती संध्याकाळ तिला पाठ होती. ती तेव्हा सहा वर्षांची. बाबा टीव्हीचे मेकॅनिक, आणि मेकॅनिक म्हणजे साधेसुधे नव्हेत; लोक दुसऱ्या गल्लीतून सेट डोक्यावर घेऊन यायचे. एक क्लब बंद पडला तेव्हा त्यांनी ही मोडकी पेटी उचलून आणली, तीन महिने रात्रंदिवस खपून जिवंत केली आणि मोठ्या बहिणीच्या घरी नेऊन ठेवली. आत्याच्या नवऱ्याला, म्हणजे आतोबांना, मोठेपणाची भारी हौस. फुटबॉलचा अंतिम सामना जवळ आला तसं त्यांनी अख्ख्या गल्लीला आवतण दिलं: या, आमच्याकडे सव्वा हात रुंद चित्र आहे! गल्ली आली. खुर्च्या, पाट, खिडकीत पोरं. आतोबांनी ऐटीत बटण दाबलं आणि पडद्यावर आलं धुकं. नुसतं पांढुरकं धुकं, आणि त्या धुक्यात काहीतरी हलतंय. कुणीतरी म्हणालं, "चेंडू कुठाय?" दुसरं कुणी म्हणालं, "आधी माणसं तर शोधा!" आणि सगळी खोली हसली.

आतोबा हसले नाहीत. मेहुण्याला त्यांनी सगळ्यांसमोर नाही नाही ते सुनावलं. बाबांनी मागची फळी काढली, बॅटरी मारून आत पाहिलं, थोडा वेळ तसेच वाकून राहिले, मग उठून म्हणाले, "माझंच चुकलं. सकाळी जोडणीत घोळ झाला."

त्या दिवसापासून गल्लीत त्यांचं नाव पडलं धुकेवाला. हळूहळू सेट यायचे बंद झाले. धुकेवाल्याकडे टीव्ही कोण देणार? बाबा पंखे आणि इस्त्र्या दुरुस्त करायला लागले आणि आयुष्यभर तेच करत राहिले. भिंगरीला शाळेत पोरं चिडवायची, 'धुकेवाल्याची पोर, दिसतंय का समोर?' आणि खरं सांगायचं तर, तिनेही मनातल्या मनात मान्य करून टाकलं होतं की बापाचा हात त्या दिवशी चुकला.

पण मनात मान्य करणं वेगळं आणि बाईंच्या शाईत उमटणं वेगळं. बाई एकदा लिहिलेलं कार्ड खोडत नसत. शाळेतली पोरं रांगेने येणार, मोठ्याने वाचणार, 'बंद पडण्याचं कारण, मेकॅनिकची चूक.' आणि बाबा अजून हयात. सत्त्याहत्तरचे आहेत, काठी टेकत का होईना पण हा वर्ग बघायला नक्की येणार.

"बाई, आठ दिवस थांबा," ती म्हणाली. "मी पेटी दुकानात नेते. उघडून बघते. चूक म्हणजे नेमकी कुठली चूक, ते तरी लिहाल ना?"

"म्हणजे तुला कुतूहल आहे," बाई हसल्या आणि कोरं कार्ड त्यांनी पिशवीत टाकलं. "आठ दिवस दिले."

"बघ हो, बघ," आत्या म्हणाली. "धुकं सापडलं तर मला पण दाखव!"

पेटी टेंपोतून दुकानाच्या मागच्या खोलीत आली. भिंगरीने पहिल्या दिवशी पाटी फिरवून दुकान बंद केलं आणि मागची फळी काढली. आणि मग तिला जेवणाचंसुद्धा भान राहिलं नाही.

तळाशी, वर तोंड करून, पसरट आरसा होता. छोट्या परातीएवढा, खोलगट. त्याच्या बरोबर वर ती चिमुकली ट्यूब, खाली तोंड करून टांगलेली, जणू परातीत वाकून आपलं तोंड बघतेय. म्हणजे चित्र आधी खाली आरशावर पडायचं, तिथून मोठं होत वर उसळायचं, झाकणातल्या तिरप्या आरशावर आदळून समोरच्या पडद्यावर. आणि वाटेत, ट्यूबच्या मानेभोवती, एक भिंग. ते पाहून भिंगरी खुर्चीतच बसली. तीस वर्षं भिंगं घासत होती, पण असं भिंग तिने बघितलं नव्हतं. मधोमध भोक, भोकाजवळ जरासं जाड, मग पातळ होत गेलेलं, आणि कडेला पुन्हा जाड. असं वेडंवाकडं कशाला? तिने ते दिव्यासमोर धरलं, फिरवलं, खालीवर केलं, आणि मग डोक्यात प्रकाश पडला. खोलगट आरसा चित्र मोठं करतो खरा, पण कडांना फिसकटवतो. तेवढीच फिसकट उलट्या बाजूने घातली की चित्र सरळ! म्हणजे आरशाला चष्मा लावला होता की कुणीतरी!

"वा रे पठ्ठे," ती मोठ्याने म्हणाली. ज्याने कुणी हे काढलं त्याला तिने मनातल्या मनात हात जोडले.

दुसऱ्या दिवसापासून तिने चूक शोधायला घेतली. बाबांनी जोडलेली एकेक तार तपासली. कथिलाचा डाक दिलेला एकेक सांधा भिंगाखाली पाहिला. आणि जसजशी पाहत गेली तसतशी ती गोंधळत गेली, कारण चूक सापडेना. सांधे गोल, चकचकीत, एकसारखे. तारा वेणीसारख्या बांधलेल्या, प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर बाबांचं बारीक अक्षर. ट्यूबची उंची केसाएवढीही हललेली नाही, स्क्रूंवर लावलेलं लाल लाखेचं टिंब जसंच्या तसं. म्हणजे त्या सकाळी बाबांनी जोडणीला हातसुद्धा लावला नव्हता. मग कसला घोळ?

राहिला आरसा. वरवर बघता तो नुसता मळकट वाटत होता. भिंगरीने तो सोडवून टेबलावर घेतला. आपल्या घरातल्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो. समोरून कितीही पुसा, घासा, काही बिघडत नाही. या आरशाचा मुलामा काचेच्या वर होता, अगदी उघडा, फुंकर मारायलाही भीती वाटावी इतका तलम. तिने भिंगं तपासायचा दिवा आडवा लावला आणि डोळ्याला भिंग लावलं.

आरसाभर ओरखडे होते. बारीक, हजारो. आणि ते कसेही नव्हते. कडेपासून सुरू होऊन आत आत जाणाऱ्या अर्धचंद्राच्या ओळी, प्रत्येक अर्धचंद्र आधीच्यावर निम्मा चढलेला. इतकं नेटकं काम होतं की कौतुक वाटावं. कुणीतरी जीव लावून, वेळ काढून, पितळ घासायच्या पावडरीने तो आरसा लख्ख करायला घेतला होता, आणि लख्ख होता होता मुलामाच निघून गेला होता. कडेच्या खाचेत पावडरीचे गुलाबी कण अजून अडकलेले होते.

भिंगरीने डोळ्याचं भिंग काढलं. मग स्वतःच्या हाताकडे बघितलं. समोरच गिऱ्हाइकाचा एक चष्मा पडला होता. तिने तो उचलला आणि रोजच्या सवयीने पुसायला लागली. कडेपासून आत, अर्धचंद्रावर अर्धा अर्धचंद्र. ही पद्धत तिला कुणी शिकवली होती? सातव्या वर्षी खिडकीच्या काचेसमोर उभं करून, हात हातात धरून आत्याने शिकवली होती. 'कडेपासून आत यायचं गं, म्हणजे मळ कोपऱ्यात लपत नाही.'

आत्याच्या घरात धूळसुद्धा विचारून आत येते, असं सगळे म्हणायचे. पाहुणे यायचे म्हटलं की ती दाराच्या कड्या, नळाच्या तोट्या, दिव्यांचे खांब, दिसेल ते घासून काढायची. आणि त्या दिवशी तर पन्नास पाहुणे यायचे होते.

संध्याकाळी भिंगरी बाबांसमोर जाऊन बसली. बाबा खिडकीशी एक जुनी इस्त्री उगाच उघडून बसले होते.

"बाबा, जोडणीत चूक नव्हती."

बाबांनी मान वर केली नाही. "होती."

"मी एकेक सांधा पाहिलाय. लाखेचं टिंबसुद्धा फुटलेलं नाही. आणि आरसा पण पाहिलाय, बाबा. आडवा दिवा लावून."

इस्त्रीचा स्क्रू बाबांच्या बोटांतून निसटून खाली गेला. तो शोधायच्या निमित्ताने ते बराच वेळ वाकून राहिले. मग म्हणाले, "तुला भिंगं घासायला लावायलाच नको होतं मी."

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच संध्याकाळी. सकाळी मी ट्यूबवरचं कोळिष्टक काढायला फळी उघडली होती, आणि तेवढ्यात गिऱ्हाइकाने बोलावलं म्हणून दुकानात गेलो. तासाभराने येऊन, न बघता, फळी लावली. संध्याकाळी गर्दी जमली तेव्हा अक्का माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, 'सगळं घर लख्ख केलंय रे बाळ्या, तुझी परातसुद्धा घासली.' इतकी खूश होती! तेव्हा मला वाटलं, गंमत करतेय. धुकं आलं तेव्हा कळलं."

"मग सांगितलं का नाहीत? आतोबांनी तुमचा पाणउतारा केला, गल्लीने नाव ठेवलं, धंदा बुडाला! आणि वर आत्या स्वतः पंचेचाळीस वर्षं तुम्हाला टोमणे मारतेय!"

"भाऊजींचा घरातला राग तू पाहिलेला नाहीस," बाबा म्हणाले. "मला काय, मी शिव्या खाल्ल्या आणि दाराबाहेर पडलो. सुटलो. ती कुठे जाणार होती? तिला त्यांनी त्या दिवशी बोललं असतं, दुसऱ्या दिवशी बोललं असतं, जन्मभर बोललं असतं."

"पण आतोबा जाऊन बारा वर्षं झाली."

"तोपर्यंत ती सत्तरी ओलांडून गेली होती. आता सांगून काय मिळवायचं? ती मला टाकून बोलते ना, तेव्हा मला बरंच वाटतं. म्हटलं, अजून तिला कळलेलं नाही."

भिंगरीला रडू आवरेना. बापाची कीव आली म्हणून नव्हे. ती स्वतः इतकी वर्षं 'हात चुकला असेल' म्हणत आली होती याची तिला लाज वाटली, आणि ते तिने तसंच बोलून टाकलं. बाबांनी तिच्या डोक्यावर टपली मारली.

"वेडी. तुला तेच वाटावं म्हणून तर सांगितलं होतं. आता ऐक. बाईंना सांग, जोडणीत चूक होती. आणि अक्काला यातलं चकार शब्द कळता कामा नये. दे वचन."

"बाईंच्या कार्डावर खोटं लिहायचं?"

"वचन दे."

तिने दिलं. जिवावर आलं होतं, तरी दिलं. पण सोबत एक अट घातली: पेटी पुन्हा चालू करायची, आणि बाबांनी समोर बसून शिकवायचं. बाबांचे डोळे असे चमकले की अट तिची होती की त्यांची, हे सांगता येईना.

दुर्बिणींचे आरसे करणारा तिचा एक दोस्त होता. त्याने दोन दिवसांत आरशाला नवा मुलामा चढवून दिला, आणि वर बजावलं, "हात लावशील तर बघ!" बाबा दुकानात खुर्ची टाकून बसले. त्यांचा हात थरथरायचा, म्हणून बोट दाखवायचे ते आणि डाक द्यायची ती. सुकून गेलेले कंडेन्सर बदलले, कडक झालेल्या तारा बदलल्या. "तिथे नको! पंचवीस हजार आहेत तिथे, एक हात खिशात ठेव!" असे ते ओरडायचे आणि मग स्वतःच खूश होऊन हसायचे. इतकं बोलताना भिंगरीने त्यांना आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आठव्या दिवशी, भर दुपारी, बाईंच्या वर्गात पेटी मांडली. खिडक्यांना पडदे लावले. जुनं प्रक्षेपण तर कधीच बंद झालं होतं, म्हणून बाईंनी एक छोटा कॅमेरा पेटीला जोडला आणि तो समोरच्या खुर्च्यांकडे वळवून ठेवला. खुर्च्या तीनच: आत्या, बाबा, भिंगरी. बाई टेबलाशी, समोर कार्ड. तीन ओळी लिहून झाल्या होत्या.

"चौथी ओळ?" बाईंनी भिंगरीकडे बघितलं.

बाबा काठीशी चाळा करत जमिनीकडे बघत होते.

"जोडणीत..." ती म्हणाली, आणि पुढचा शब्द काही केल्या निघेना. "आधी चालू तर करूया, बाई."

बाईंनी बटण दाबलं. पेटी गुणगुणली. ट्यूब तापायला थोडा वेळ गेला, आणि मग पडद्यावर तिघं जण बसलेले दिसले. सव्वा हात रुंद, काळेपांढरे, आणि इतके स्वच्छ की बाबांच्या गालावरचं दाढीचे राहिलेले खुंटसुद्धा मोजून घ्यावेत.

"अगो बाई!" आत्याने हात हलवला. पडद्यावरच्या आत्यानेही हलवला. "हे असं दिसायला हवं होतं रे त्या दिवशी! ती बघ माझी सुरकुती!"

ती उठली, काठी न घेताच पेटीमागे गेली, आणि उघड्या फळीतून वाकून आत बघायला लागली.

"आत्या, हात लावू नकोस!" भिंगरी जवळजवळ किंचाळलीच.

"लावत नाही गं. काय लखलखतेय ही परात! मी त्या दिवशी एवढी घासली, अर्धा डबा पावडर संपवली, पण इतकी काही उजळली नव्हती मेली."

मास्तरीणबाईंचा पेन कार्डावर टेकता टेकता वरच राहिला. विज्ञान शिकवलेल्या बाई त्या, त्यांना एका वाक्यात सगळं कळलं. आत्या मात्र हसत हसतच परत येऊन बसली आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्याशिवाय कुणीच हसत नाहीये.

"का गं?" तिने भिंगरीला विचारलं. "घासलं की काय होतं त्याला?"

भिंगरीने वचन दिलं होतं. तिने मान खाली घातली.

"घासून काय व्हायचंय अक्का," बाबा घाईघाईने म्हणाले. "माझाच घोळ होता तो. तारेचा."

आत्याने भावाकडे बघितलं नाही. ती पडद्याकडे बघत होती. पडद्यावर तिचा भाऊ बसला होता, स्वच्छ, मोठा, आणि खोटं बोलताना लहानपणापासून जसा उजवा कान चोळायचा तसाच कान चोळत होता. आत्याने तो कान बघितला. मग भाचीचं खाली घातलेलं तोंड बघितलं. आणि पडद्यावरच्या म्हातारीचं तोंड हळूहळू बदलत गेलं, ते सगळ्यांनीच पाहिलं.

"बाळ्या," ती म्हणाली. तिचा तो रस्ता थांबवणारा आवाज कुठे गेला कोण जाणे. "मी घासलं म्हणून?"

बाबांनी कान सोडला.

"आणि तू वर 'माझंच चुकलं' म्हणालास? यांच्या शिव्या खाल्ल्यास? धुकेवाला झालास?" तिने पदर तोंडाशी नेला. "मी तुला किती बोलले रे! प्रत्येक वेळी बोलले. दारात पाऊल टाकलंस की बोलले. तू एकदा तरी म्हणायचंस!"

"म्हणालो असतो तर तू घासायचं सोडलं असतंस," बाबा म्हणाले. "मग तुझ्या घरी कोण आलं असतं?"

आत्या रडता रडता हसली, आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग तिने डोळे पुसले, खुर्चीत ताठ बसली आणि बाईंकडे वळली.

"घ्या पेन. लिहा. बंद पडण्याचं कारण: बहिणीने आरसा घासला. भावाने ते पोटात घातलं."

"अक्का, कशाला..."

"तू गप्प बस. पंचेचाळीस वर्षं गप्प बसलास, आणखी पाच मिनिटं बस."

बाईंनी लिहिलं. वळणदार अक्षरात, घाई न करता. लिहून झाल्यावर कार्ड सगळ्यांना दिसेल असं धरलं, कारण लिहिलेलं त्या खोडत नसत. बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मान हलवली. मग घसा साफ केला, काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, आणि इतक्या हळू आवाजात बोलले की भिंगरीला पुढे वाकावं लागलं.

"बाई, जागा उरली असेल तर... जोडणी ठीक होती, एवढं लिहाल का?"

बाईंनी पेन टेकवला.

"ठीक नाही," आत्या म्हणाली. "उत्तम लिहा."